कामाचे स्थलांतर आणि कामगार संघटना

सार्वजनिक सेवेतील काम कंत्राटाने बाहेर देण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. शहरसफाईपासून बिलवाटपापर्यंत तिची उदाहरणे दिसतात. तिचीच पुढची पायरी म्हणजे हे काम परदेशी पाठविणे. अशा वेळी कामगार संघटनेने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

याचे ठळक उदाहरण पुण्यात सापडते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००५ मध्ये झान्सा कंपनीच्या भागीदारीत एक सेवासंस्था स्थापन केली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांची देणी व हिशेब ती पाहू लागली, आणि त्यातील काही काम पुणे व नोएडा येथे होऊ लागले. युनिसन या तेथील सार्वजनिक सेवकांच्या संघटनेने त्यास विरोध केला. तत्पूर्वी, २००३ मध्ये, ब्रिटिश टेलिकॉमने बंगळूर व दिल्ली येथे कॉल सेंटरे काढण्याचे ठरविले, तेव्हा तेथील दळणवळण कामगारांच्या संघटनेने हवा भरलेला गुलाबी हत्ती गावोगाव फिरवून निषेध केला होता. ही कंपनी १९८४ पर्यंत पूर्णपणे सरकारी मालकीची होती.

विरोधाला कायद्याचा आधार किती? सेवा दुसऱ्या मालकाकडे गेली तरी नोकराच्या पगाराच्या अटी त्याच्याबरोबर जातात, असा नियम ब्रिटनने १९८१ मध्ये केला. परंतु काम पुण्यास येते, कारकून मात्र इंग्लंडमध्येच राहतो. मग हे संरक्षण त्याच्या फारसे उपयोगी पडत नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही घडून गेला आहे. मी सुरतच्या पर्वत पाटिया भागात राहतो. या बाजूला खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे यंत्रमागावर पोट भरतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. परंतु विणकाम त्याआधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील मागांकडे सरकत होते. गिरणीच्या दाराशी संघटना भक्कम होती. जेथे मजुरी मीटरवर आणि पाळी बारा तासांची, तेथे तिचा जोर तोकडा होता.

खानदेशच्या शेतमजुराने गिरणी कामगाराची भाकरी हिसकावली, असे मी म्हणणार नाही. त्यालाही पोट होते. त्याची मजुरी स्वस्त राहिली, कारण त्याच्या पाठीशी संघटना नव्हती. पुण्याच्या कारकुनाविषयीही हाच विचार करावयास हवा. आज त्याच्याकडे आलेले काम उद्या आणखी स्वस्त ठिकाणी किंवा यंत्राकडे जाऊ शकते.

म्हणून केवळ 'काम जाऊ देणार नाही' ही घोषणा अपुरी आहे. करार होण्यापूर्वी सल्लामसलत आणि सक्तीची कपात नको, या मागण्या योग्यच आहेत. परंतु काम जेथे जाते तेथील कामगारही संघटित झाला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या साहाय्याने २००५ मध्ये बंगळूर येथे अशा सेवांतील नोकरांची 'युनाइट्स' ही संघटना उभी राहिली, ती याच विचाराने. काम सीमा ओलांडते. संघटनेनेही ती ओलांडावी, हाच यातील बोध आहे.