कंबरदुखी : विश्रांती किती, हालचाल किती?

कंबरदुखी हा आपल्या वस्त्यांतून घरोघरी आढळणारा विकार आहे. हमाली, बिगारी किंवा सफाईचे काम करणारे बांधव, दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या भगिनी आणि कचेरीत खुर्चीवर बसून काम करणारे कारकून यांपैकी कोणीही तिच्यातून सुटलेले नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. या दुखण्याने सहसा जीव जात नाही. पण रोजंदारीवरील माणसाचा रोज बुडतो. कर्ता माणूस महिनाभर अंथरुणावर राहिला की त्याची झळ मुलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचते. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती प्रत्येकाने करून घेणे अगत्याचे आहे.

उसण भरली की घरात पहिला सल्ला मिळतो तो "फळीवर पडून राहा, हलू नका" हा. पूर्वी डॉक्टरही हाच सल्ला देत असत. परंतु १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितले होते. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि बरे होण्यात ते मागे राहिले नाहीत. पुढे १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर तसाच अभ्यास झाला. त्यात तर झेपेल तेवढे नित्याचे काम चालू ठेवणारेच सर्वांत लवकर सुधारले.

असे का व्हावे? दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिला मोठ्या वयात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या भागातून झिरपून येणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते आणि कण्यावरचा भार कमी-जास्त होत राहिला की द्रवाच्या या ये-जा करण्यास मदत होते. शिवाय कण्याला धरून ठेवणारे पाठीचे व पोटाचे स्नायू पडून राहिल्याने दुर्बल होतात. मग उठल्यावर थोड्या कामानेही दुखते, माणूस घाबरून पुन्हा पडतो आणि हे चक्र सुरू राहते. माझ्या मते खऱ्या दुखण्यापेक्षा ही भीतीच अधिक माणसे निकामी करते.

या भीतीत एम.आर.आय.चा अहवाल भर घालतो. "मणक्यात गॅप आली आहे", "गादी सरकली आहे" हे शब्द कानी पडले की रुग्ण खचतो. वस्तुतः कंबर कधीच न दुखलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. केस पिकावेत तसाच हा वयाचा भाग! फोटोत दिसणारी प्रत्येक गोष्ट दुखण्याचे कारण असतेच असे नाही.

फिजिओथेरपी म्हणजे विजेचा शेक, ही समजूतही सोडून दिली पाहिजे. शेकाने तात्पुरते बरे वाटते, आणि ते घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते. जुनाट कंबरदुखीसाठी कमरेचा पट्टा व वजन लावून कंबर ताणणे (ट्रॅक्शन) हे उपाय सरसकट वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची मात्र तिने शिफारस केली आहे. पट्ट्यावर पैसे घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

मग करावे काय? उताणे झोपून गुडघे उभे करावेत. पोट किंचित आत घेऊन कंबर जमिनीला टेकवावी, पाच अंक मोजेपर्यंत धरावी व सोडावी. श्वास रोखू नये. दहा वेळा झाल्यावर त्याच स्थितीत बैठक हळूहळू वर उचलून खाली आणावी. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले राहिले तर प्रमाण कमी करावे. सर्वांत स्वस्त व्यायाम चालण्याचा. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट ज्यांना दिले होते, त्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले. इतरांचे ११२ दिवसांनी. ओझे उचलावेच लागत असेल तर ते अंगाशी धरावे आणि उचलता उचलता कमरेत पीळ देऊ नये.

पायात कळ उतरत असेल तर एक खूण लक्षात ठेवावी. व्यायाम करताना कळ पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कमरेकडे सरकू लागली तर ते सहसा सुधारण्याचे लक्षण असते, मग कमरेत थोडे अधिक दुखले तरी. ती खाली उतरत गेली तर तो व्यायाम थांबवावा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या हे ध्यानी आले ते १९५६ साली, तेही योगायोगाने! डोक्याकडची बाजू उंच असलेल्या टेबलावर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायाची कळ गेली.

मात्र पुढील लक्षणे असल्यास व्यायाम करीत बसू नये. लघवी-संडासवरचा ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी आणि पडल्यानंतर कंबर धरलेल्या वृद्धांनीही आधी डॉक्टरांना दाखवावे.

इतरांसाठी मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतात. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र शासनाची पुनर्वसन संस्थाही आहे. तेथे जाताना जुने कागद बरोबर न्यावेत, आणि दिवसभर कोणते काम कसे बसून किंवा वाकून करतो हे फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष करून दाखवावे.