डोके कुणाचे, माप कुणाचे?

गणपती आले, शाळेचे संमेलन आले, की घरोघरी एकच धांदल उडते. कुणाला मावळा व्हायचे असते, कुणाला सरदार, कुणाला रावण. बाजारातून तयार टोप आणावा तर पैसे पडतात. मग घरातलाच जुना पुठ्ठा, गव्हाच्या पिठाची खळ आणि कात्री घेऊन आपण बसतो. यात वाईट काही नाही. हाताने केलेल्या वस्तूची शोभा निराळीच असते.

आपल्या मुलखात सोंगांची परंपराही मोठी आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचतात. तळकोकणात दशावतारी मंडळी मुकुट चढवून रात्र रात्र खेळ करतात. डोक्यावरची वस्तू नीट बसली नाही तर असा खेळ निभेल का? पण नवशिक्या माणसाचे सारे लक्ष रंगाकडे आणि चमकीकडे असते. माप मात्र तो अंदाजाने घेतो. आम्हीही तसेच केले होते. त्याची हकीकत आधी सांगतो, मग रीत सांगतो.

१९९६ सालची गोष्ट. संमेलनात एक ऐतिहासिक नाटुकले बसवले होते. सरदाराचे काम इयत्ता चौथीतल्या एका मुलाकडे होते. त्याचा टोप आम्ही स्वतः केला. रात्री दिव्याखाली बसून केला. मूल जवळ नव्हते, म्हणून माप आमच्याच डोक्याचे घेतले. मनात म्हटले, थोडा मोठा झाला तर काय बिघडले? मोठा कधीही चालतो.

पण तो चालला नाही. मुलगा ऐटीत रंगमंचावर आला, मान झुकवून मुजरा केला, आणि टोप सरकून नाकापर्यंत उतरला. लोक हसले. त्यांना वाटले, ही नाटकातलीच गंमत आहे. मुलाला पुढचे काही दिसेना. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. टोप वर करायला हात मोकळा नाही. तो दोन पावले पुढे गेला आणि स्टेजच्या कडेवरून खाली पडला. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच बसली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, डोकं माझ्या लेकराचं. माप कुणाचं घेतलंत?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. ती आत गेली आणि एक सुतळी घेऊन आली. मुलाच्या डोक्याभोवती तिने ती फिरवली, जिथे टोके भेटली तिथे गाठ मारली आणि आमच्या हातात दिली. "हे घ्या माप. मला आकडे येत नाहीत, पण गाठ खोटं बोलत नाही."

घरी येऊन आम्ही ती सुतळी टेपावर ठेवली. ५१ सेंटिमीटर भरली. आमचे डोके ५७ सेंटिमीटर. फरक ६ सेंटिमीटरचा. घेराला २२/७ ने भागले की रुंदी निघते. ६ ला २२/७ ने भागा, जवळजवळ २ येतात. म्हणजे टोप त्या मुलाच्या डोक्यापेक्षा २ सेंटिमीटर रुंद झाला होता. एवढ्याने टोप नाकावर येतो आणि मनगट मोडते.

आता रीत ऐका.

पहिली गोष्ट : माप घेणे

ज्याने टोप घालायचा त्याचेच डोके मोजा. भावाचे नको, शेजाऱ्याचे नको, स्वतःचे तर नकोच. शिंप्याचा कापडी टेप घ्या. त्याच्या एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मोजताना एकच बाजू धरा. इंचाचा २० आणि सेंटिमीटरचा २० यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. टेपाचे टोक झिजलेले असेल तर १० च्या रेघेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १० वजा करा.

टेप कपाळावर भुवयांच्या वर एक बोट ठेवा. कानांच्या वरून मागे न्या. डोक्याचा मागचा भाग जिथे जास्त फुगीर असतो तिथून फिरवून परत कपाळावर आणा. टेप अंगाला लागला पाहिजे, पण आवळू नका. तीनदा मोजा. तीनही वेळा सारखा आकडा आला तरच तो खरा. हा झाला डोक्याचा घेर. मोठ्या माणसाचा घेर बहुधा ५४ ते ६० च्या दरम्यान भरतो.

अंबाडा असेल तर अंबाड्यासह मोजा. चष्मा असेल तर चष्म्यासह. टोपाखाली फडके बांधायचे असेल तर ते बांधून मोजा.

टोप तोंडही झाकणारा असेल तर आणखी दोन मापे लागतात. माणसाला भिंतीशी ताठ उभे करा. माथ्यावर एक पुस्तक आडवे टेकवा आणि हनुवटीखाली दुसरे. दोन पुस्तकांमधले अंतर ही टोपाची आतली उंची. मग नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या फुगीर भागापर्यंतचे सरळ अंतर घ्या. टोप घालताना खालच्या तोंडातून नाकासकट डोके आत जायचे असते. पुष्कळांचा टोप कपाळाला बरोबर बसेल असा होतो, पण नाकाशीच अडतो. तेव्हा खालचे तोंड मोठे ठेवा, नाहीतर टोप मागून उभा चिरून त्याला नाड्या लावा.

दुसरी गोष्ट : मोकळीक आणि जाडी

डोक्याचा घेर ५२ आला म्हणून पट्टी ५२ ची कापू नये. डोके दबते, कानशिले ठणकतात. घेरात २ सेंटिमीटर मोकळीक ठेवा. झाले ५४.

आता पुठ्ठ्याची जाडी. ही गोष्ट शिकलेली माणसेही विसरतात. खोक्याचा पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी गोल वळवली की बाहेरचा कागद ताणत नाही, आतला चुरगळतो. म्हणजे माप बाहेरून भरते, पण जागा आतून कमी होते. एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ३ मिळून रुंदीत ६ मिलिमीटर गेले. घेर किती गेला? ६ ला २२/७ ने गुणा. जवळजवळ १९ मिलिमीटर, म्हणजे २ सेंटिमीटरच धरा. मोकळीक म्हणून जे २ सेंटिमीटर दिले ते जाडीनेच खाऊन टाकले! म्हणून जाडीसाठी आणखी २ घाला.

५२ अधिक २ अधिक २ बरोबर ५६. पट्टी ५६ ची. एकावर एक चढवून चिकटवण्यासाठी टोकाला आणखी ३ सेंटिमीटर ठेवा, पण ते घेरात मोजू नका.

तिसरी गोष्ट : चित्र मोठे करणे

पुष्कळदा पुस्तकात टोपाचे तयार तुकडे छापलेले असतात. ते कापून जोडले की टोप होतो. पण छापलेला टोप आपल्या डोक्याचा नसतो. तो किती वाढवायचा ते काढू.

कपाळाच्या रेघेवर येणारे तुकडे शोधा. समजा, असे ४ तुकडे आहेत आणि प्रत्येक १० सेंटिमीटरचा आहे. एकूण ४०. चिकटवायच्या पट्ट्या यात धरू नका. त्या एकमेकांखाली जातात, घेर वाढवत नाहीत. आपल्याला ५६ हवेत. ५६ भागिले ४० बरोबर १.४. म्हणजे प्रत्येक रेघ १.४ पट करायची. १० सेंटिमीटरची रेघ १४ ची होईल, ५ ची रेघ ७ ची.

लांबी वाढवली तेवढीच उंचीही वाढवा. नुसती लांबी वाढवली तर टोप थाळीसारखा चपटा दिसतो. चिकटवायची पट्टी मात्र १ सेंटिमीटरची होती तर १ चीच राहू द्या.

झेरॉक्सचे दुकान जवळ असेल तर तिथे "१४० टक्के करून द्या" असे सांगा. नसेल तर चित्रावर १ सेंटिमीटरचे चौकोन आखा. मोठ्या कागदावर १.४ सेंटिमीटरचे चौकोन आखा. एका चौकोनात जे दिसते ते दुसऱ्या चौकोनात काढत जा.

पुठ्ठा किती लागेल? इथे फसू नका. लांबी १.४ पट आणि उंचीही १.४ पट. १.४ गुणिले १.४ बरोबर १.९६. म्हणजे टोप दीडपटसुद्धा झाला नाही, पण पुठ्ठा जवळजवळ दुप्पट लागला. सामान आणायला जाण्याआधी हा हिशेब करा. एका खेपेत काम होईल.

चौथी गोष्ट : घालून पाहणे

सगळा टोप एकदम कापू नये. आधी फक्त कपाळाची पट्टी कापा. दोऱ्याने बांधून ज्याची त्याच्या डोक्यावर ठेवा. त्याला मान झुकवायला सांगा, हलवायला सांगा, मोठ्याने बोलायला सांगा. पाच मिनिटे तशीच राहू द्या. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला तर पट्टी घट्ट आहे. मान झुकवताच घसरली तर सैल आहे. एक बोट आत सहज जाते आणि पट्टी हलत नाही, तर ती बरोबर आहे.

टोप तयार झाल्यावर सैल निघाला तर टाकून देऊ नका. जुन्या घोंगडीच्या १ सेंटिमीटर जाडीच्या चार गाद्या करा. एक कपाळाशी, एक मागे, दोन बाजूंना चिकटवा. त्यांनी घेर जवळजवळ ६ सेंटिमीटर कमी होतो. गोल सलग गादी लावू नका. मधल्या जागेतून वारा खेळला पाहिजे. त्या दिवशी आमच्याजवळ चार चिंध्या असत्या, तर पुढचे सारे टळले असते. टोप घट्ट झाला तर मागे चीर द्या आणि नाडी ओवा. हनुवटीखाली बांधायला बंद मात्र हवाच.

पाचवी गोष्ट : जपणूक

तोंड झाकणाऱ्या टोपाला नाकासमोर आणि तोंडासमोर भोके ठेवा. डोळ्यांची भोके मोठी करा. समोरचे दिसतेच, पण पायाखालचे आणि बाजूचे दिसते का, ते विचारा. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. टोप तोंडाजवळ येतो, म्हणून आपण ते घालू नये. खळ ताजी करावी आणि टोप उन्हात खडखडीत वाळवावा. पुठ्ठा लगेच पेट घेतो, तेव्हा टोप घातलेल्या मुलाला समई, टेंभा आणि फटाके यांपासून दूर ठेवावे.

आता त्या माउलीची राहिलेली गोष्ट. तिला मुले चार. पुढच्या वर्षी तिने चौघांच्या चार सुतळ्या करून डब्यात ठेवल्या. संमेलन आले, डबा उघडला, तर कुठली सुतळी कुणाची हे कळेना. ती सुतळ्या घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, गाठ खोटं बोलत नाही, पण नावही सांगत नाही."

मग ती संध्याकाळी येऊ लागली. आधी टेपावरचे आकडे शिकली, नंतर मुलांची नावे लिहायला शिकली. धाकट्याचा टोप तिने स्वतः केला. आम्ही तो उलटा करून पाहिला. आत कपाळाच्या पट्टीवर कोळशाने मुलाचे नाव लिहिले होते आणि पुढे आकडा होता : ४९. अक्षर वाकडे होते, पण टोप अगदी नेटका बसला.

आमच्या डोक्यातले माप मात्र त्या बाईनेच सुधारले. तेव्हापासून आम्ही दुसऱ्याचे माप आपल्यावरून कधी घेतले नाही.

अभ्यास

१. घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचा घेर मोजा. नाव आणि आकडा वहीत लिहा.

२. एका माणसाचा घेर ५६ सेंटिमीटर आहे. मोकळीक २ आणि जाडीसाठी २ धरून पट्टी किती लांब कापाल? चिकटवण्यासाठी किती जास्त ठेवाल?

३. चित्रातला घेर ४० आहे. आपल्याला ६० हवा. प्रत्येक रेघ किती पट कराल? पुठ्ठा किती पट लागेल?

४. "मोठा कधीही चालतो" हे म्हणणे का चुकीचे ठरले? आपल्या शब्दांत चार ओळी लिहा.