चातुर्मासांतील वाचनाचा नेम

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या काळास चातुर्मास म्हणतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. ह्या चार महिन्यांत कांहीं तरी नेम धरण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. कोणी एखादा पदार्थ वर्ज्य करितो, कोणी एकभुक्त राहतो, तर कोणी एखादा ग्रंथ रोज थोडाथोडा वाचून पुरा करण्याचा संकल्प करितो. ह्या शेवटच्या नेमाविषयीं, आणि तो आईबापांनीं धरला असतां त्यांतील प्रगति कशी मोजावी ह्याविषयीं, येथें थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हिशेब पाहूं. चांद्रमानाचे चार महिने म्हणजे सुमारें ११८ दिवस. दासबोधाचे समास २००. रोज दोन वाचले तर १०० दिवस पुरतात आणि १८ दिवस हातीं राहतात. विनोबा भावे ह्यांच्या गीताईचे श्लोक ७००. रोज सहा वाचले तर ११७ व्या दिवशीं ग्रंथ संपतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारें नऊ हजार. तेथें रोज ७७ ओव्या वाचाव्या लागतील, आणि नवशिक्या वाचकास तो पल्ला जड जाईल. ख्रिस्ती घरांत चारी शुभवर्तमानें वाचावयाचीं असल्यास त्यांचे अध्याय अनुक्रमें २८, १६, २४ व २१, एकूण ८९ होतात. रोज एक घेतला तर तीन महिन्यांत वाचन होतें. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत हाच नेम धरावयाचा असेल, तर मार्क व योहान ह्या दोन शुभवर्तमानांचे मिळून ३७ अध्याय सहज बसतात. ग्रंथ कोणताहि असो, तो आपल्या वेळाच्या मापाचा निवडावा, ही पहिली गोष्ट.

आतां तळेगांव (श्यामजी पंत) येथील एखादें शेतकऱ्याचें घर डोळ्यांपुढें आणा. आईनें किंवा बापानें आषाढी एकादशीस गीताई हातीं घेतली आणि रोज सहा श्लोक वाचण्याचें ठरविलें. परंतु चातुर्मास म्हणजे देवाधर्माचे दिवस तसेच शेतीचे कष्टाचे दिवस. श्रावणांत डवरणी आणि निंदण ह्यांच्या गर्दींत दहा दिवस पुस्तक उघडलेंच नाहीं असें समजा. साठाव्या दिवशीं ३६० श्लोक व्हावयास पाहिजे होते, ते झाले ३००. उरले ४०० श्लोक आणि ५८ दिवस. पुढें सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी उभीच आहे. पुष्कळ संकल्प ह्याच ठिकाणीं मोडतात. वाचन हें शिकलेल्यांचें काम, आपलें नव्हे, असें म्हणून माणूस पुस्तक फडताळांत ठेवून देतो; आणि घरांतील मूल तें पाहतें. मुलानें अभ्यास मध्येंच सोडूं नये असें त्यास पुढें कितीहि सांगितलें, तरी पाहिलेली गोष्ट ऐकलेल्या गोष्टीपेक्षां अधिक टिकते.

वास्तविक येथें निराश होण्याचें कारण नाहीं. ४०० ला ५८ नें भागून पाहा. रोज सहांच्या ऐवजीं सात श्लोक वाचले कीं काम झालें. दहा दिवसांची तूट एका जादा श्लोकानें भरून निघते. हा भागाकार घरांतील पांचवी-सहावीच्या मुलानें आईबापांस करून दाखवावा.

दुसरा एक मार्ग लोकांस सुचतो. साठ श्लोक एका रात्रींत भराभर उरकले म्हणजे मागची बाकी फिटली! संख्येच्या दृष्टीनें हें बरोबर आहे. तें पुरेसें कां नाहीं, हें गीताईच्याच पूर्वेतिहासावरून उमगतें.

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई ह्यांनीं एकदां देवास एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडिलांनीं सुचविलें कीं, एक तोळा तांदूळ मोजावे, त्यावरून लाखाचें वजन काढावें, आणि तेवढे वाहावे. मातोश्रींस उत्तर सुचेना. त्यांनीं मुलास विचारलें. विनोबांनीं सांगितलें कीं, हा नुसता गणिताचा प्रश्न नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर चित्त देवाकडे जातें, तेंच ह्या मोजण्याचें फळ. आईस तें पटलें.

ह्याच मातोश्रींस गीता समजून घेण्याची फार इच्छा होती. पण संस्कृत कळेना आणि सोपें मराठी पद्यहि मिळेना. तेव्हां तूंच कां करीत नाहींस, असें त्यांनीं मुलास म्हटलें. त्या १९१८ सालीं वारल्या. विनोबांनीं गीताईची रचना आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं, वर्ध्यास, ७ ऑक्टोबर १९३० रोजीं आरंभिली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं संपविली. म्हणजे रचनेसहि चारच महिने लागले! पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर दर रविवारीं एक, अशीं अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें दिलीं. तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. ज्यांस रोजचा नेम झेपत नाहीं त्यांस हें मापहि चांगलें आहे. आठवड्यास एक अध्याय घेतला तरी ग्रंथ साधारण चार महिन्यांतच होतो.

कित्येक पालक म्हणतील, आमचें शिक्षण थोडें, आतां ह्या वयांत काय वाचणार? त्यांनीं लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें उदाहरण ध्यानीं घ्यावें. लग्नाच्या वेळीं त्यांस अक्षरओळख नव्हती. पुढें पति नारायण वामन टिळक ह्यांजकडून त्या वाचावयास शिकल्या. त्याच बाईंनीं टिळकांच्या मागें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुरें केलें आणि ‘स्मृतिचित्रे’ हा मराठींतील अमोल ग्रंथ लिहिला. अडखळत वाचणें ही लाजेची गोष्ट नव्हे. सर्वच वाचक तेथूनच निघालेले असतात.

तेव्हां वाचनाची वही ठेवावी ती अशी. पानावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत तिथि, दुसऱ्यांत किती वाचलें ती संख्या, आणि तिसऱ्यांत त्या दिवशीं मनांत राहिलेला एक शब्द किंवा एक विचार. वाचन आईबापांनीं मोठ्यानें करावें आणि वही मुलानें लिहावी. एखादा शब्द अडल्यास मुलानें शब्दकोशांत पाहावा किंवा शाळेंत गुरुजींस विचारून यावें. ज्या दिवशीं वाचन झालें नाहीं त्या दिवशीं शून्य मांडावें. तें लपवूं नये, कारण उद्यांचा भागाकार त्या शून्याशिवाय करतां येत नाहीं.

दुसरा रकाना भरला आणि तिसरा रिकामा राहिला, तर तोळ्यावर तांदूळ जोखल्यासारखें झालें असें समजावें. दुसरा थोडा कमी भरला, पण तिसऱ्यांत रोज कांहीं पडलें, तर कार्तिकी एकादशीस ग्रंथाचीं चार पानें उरलीं तरी नेम फुकट गेला नाहीं. तीं पानें मार्गशीर्षांत वाचावीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या आषाढींत आपल्या आईबापांस हा नेम सुचवा, आणि वही आंखून देण्याचें काम आपल्याकडे घ्या. आणि पालकांस नम्र विनंती अशी कीं, मुलांनीं वाचावें ही आपली इच्छा त्यांस सांगण्याबरोबर रोज पाव तास करूनहि दाखवावी.