जुनी गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला



जांभळाचा हंगाम सुरू आहे. बदलापूरहून क्रेट भरून निघालेली जुनी गाडी अंबरनाथ सोडून उल्हासनगरच्या कोंडीत तापली, तर कल्याण मार्केटचा सकाळचा भाव गेलाच. जांभूळ काही उद्यापर्यंत थांबत नाही. म्हणून आज पिकाऐवजी गाडीचा विषय.

इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं हे थर्मोस्टॅट ठरवतो. ही एक लहान झडप. तिच्यातलं मेण बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना फुगतं आणि झडप उघडते. नेमका आकडा बहुधा झडपेवरच कोरलेला असतो. ती बंद अडकली की इंजिन उकळतं, रेडिएटर मात्र कोमट. उघडी अडकली तर काटा वर येतच नाही आणि डिझेल जास्त जातं.

“आपल्याकडे गरमीच आहे, काढून टाका,” असं बरेच जण सांगतात. ऐकू नका. झडप नसली तर इंजिन वेळेवर तापत नाही, झिजतं. शिवाय काही इंजिनांत बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं, म्हणजे कोंडीत गाडी उलट जास्त तापते.

आधी पाण्याची पातळी, पंखा आणि पट्टा बघा. ते ठीक असेल तरच झडपेला हात लावा.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. वाफेनं तोंड भाजतं. खाली घमेलं ठेवून कुलंट काढा. ते चवीला गोड पण विषारी असतं, गुरं-कुत्री चाटतात. ओहोळात तर अजिबात ओतू नका.

रेडिएटरचा वरचा होज इंजिनाला जिथे मिळतो, तिथल्या घराचे बोल्ट सोडा. काही गाड्यांत झडप खालच्या होजकडे असते. झडप कशी बसली आहे, याचा मोबाइलवर फोटो काढूनच ती बाहेर काढा.

आता खरी परीक्षा. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, झडप दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता सोडा आणि गॅसवर ठेवा. पाणी खळखळा उकळलं तरी उघडली नाही, तर गेली. नवीन झडपही अशीच तपासून बसवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दुकानातून आणलेली प्रत्येक वस्तू चांगलीच असते असं नाही. दुकानात जुनी झडप सोबत न्या, आकडा आणि माप जुळवा.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, लहान छिद्र किंवा पिन असेल तर वर. गॅस्केट नवीनच घ्या. घर अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट ताकद लावून आवळलात तर चीर जाते. कुलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात.

शेवटी हवा काढा, इथेच बहुतेकांचं चुकतं. बॅटरीची वायर जोडा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर असेल तर फुल. बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट भरत राहा, पाणी उसळायच्या आत झाकण लावा. वरचा होज गरम झाला की झडप उघडली समजा.

ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता आहे. मग गाडी चालवू नका, टोचन करून गॅरेजला न्या आणि त्या दिवसाचा माल शेजाऱ्याच्या गाडीत चढवा.