हिंदु-तुर्क संवाद : वादातून समेटाकडे

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी १९४८ साली हैदराबाद संस्थानात होते. रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर उगवलेला सूड, हे दोन्ही या जिल्ह्याने सोसले. अशा भूमीतील वाचकाला पैठणच्या संत एकनाथांचा सोळाव्या शतकातील ‘हिंदु-तुर्क संवाद’ जवळचा वाटेल. त्यातील दोघे एकमेकांच्या धर्माचारावर तिखट आक्षेप घेतात, प्रत्युत्तरेही ऐकतात; अखेर ईश्वर एकच हे उमगून आलिंगन देतात. नाथांनी कोणाचाही आक्षेप दडपला नाही, म्हणूनच हा समेट खरा वाटतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांकडून १९४८ च्या आठवणी ऐका. कोणती गोष्ट दोघांनीही सांगितली, ते लिहा.