सत्काराच्या आधीची सोबत : मुलांबरोबर वाचनाचा एक पाठ



दहावी-बारावीचे निकाल लागले की जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह आणि मान्यवरांची भाषणे असा हा सोहळा असतो. तो व्हावाच, त्याने मुलांना हुरूप येतो. परंतु त्या व्यासपीठापर्यंत जी मुले पोहोचलीच नाहीत, ती वाटेत कोठे थांबली, याचा विचार आपण क्वचितच करतो. बहुतेकदा ती दहावीत थांबलेली नसतात. ती तिसरी-चौथीतच वाचनात मागे पडलेली असतात. हजेरी लागते, वर्ग पुढे सरकतो आणि पुस्तक मात्र बंदच राहते. या मुलांसाठी शिक्षक नसलेली, साधी शिकलेली माणसे काय करू शकतात, हे या पाठात पाहू.

१. प्रश्न कोठे आहे?

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' ही पाहणी केली जाते. कार्यकर्ते घरी जाऊन मुलाला एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. २०२४ सालच्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून थोडी कमी मुलेच ही दुसरीची गोष्ट वाचू शकली. म्हणजे पाचवीच्या बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या हातातील इतिहास, भूगोल आणि विज्ञान ही पुस्तके त्याच्यासाठी मुकी आहेत.

याचे पुढे काय होते, ते बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही पाहतो. काही खातेदार सही झोकात करतात, पण पैसे काढण्याची स्लिप शेजारच्याकडून भरून घेतात. त्यांची सही म्हणजे पाठ केलेले चित्र असते. रक्कम किती लिहिली, कोणत्या कागदावर सही घेतली, हे दुसऱ्याच्या भरवशावर सोडावे लागते. वाचता न येणे ही केवळ शाळेतील उणीव नाही. ते आयुष्यभराचे परावलंबन आहे.

२. केळुसकर गुरुजींचा धडा

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा समाजाने त्यांच्या गौरवाची सभा भरवली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. ही हकिकत आपण सर्व जाणतो. परंतु तिचा आधीचा भाग भाषणांत फारसा येत नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नियमाने वाचत बसतो, हे केळुसकर गुरुजींनी पाहिले. त्यांनी त्याची विचारपूस केली आणि त्याला पुस्तके दिली. पुढे सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्याच्या कामीही त्यांनी खटपट केली.

सभा एका दिवसाची होती. सोबत त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि सभेनंतरही चालू राहिली. सुभेदार रामजींनी घरी मुलाच्या अभ्यासाची काळजी वाहिली आणि घराबाहेर एका वडीलधाऱ्या माणसाने त्याच्याकडे लक्ष दिले. आपल्या वस्तीत असे लक्ष देणारे कोण आहे, हा आजचा प्रश्न आहे.

३. वाचनसोबत म्हणजे शिकवणी नव्हे

शिकवणीत धडा पुरा करायचा असतो. वाचनसोबतीत मूल जेथे आहे तेथून सुरुवात करायची असते. पाचवीतील मुलगी शब्दांवर अडत असेल, तर तिच्यासाठी शब्दच योग्य. यत्ता पाहू नये, वाचन पाहावे. यासाठी डी.एड. लागत नाही. सातवी शिकलेली गृहिणी, कॉलेजात जाणारा तरुण किंवा निवृत्त नोकरदार यांपैकी कोणीही हे काम करू शकतो. एका मोठ्या माणसामागे चार-पाच मुले पुरेत. त्याहून जास्त झाली की त्याचा वर्ग होतो आणि मागचे मूल पुन्हा मागेच बसते.

४. तासाची रीत

प्रथम मोठ्या माणसाने गोष्ट मोठ्याने, सावकाश आणि शब्दांखाली बोट फिरवीत वाचावी. मग सर्वांनी मिळून वाचावी. त्यानंतर प्रत्येक मुलाने दोन-चार ओळी एकट्याने वाचाव्यात. मूल अडले की लगेच शब्द सांगू नये, मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. तरीही न आल्यास शब्द सांगून पुढे जावे. हसू नये, इतरांना हसू देऊ नये. शेवटी गोष्टीवर गप्पा माराव्यात. मुलाने त्यावर जे सांगितले त्यातील एक वाक्य त्याच्याच बोलीत कागदावर लिहून त्याला वाचायला द्यावे. पश्चिम भागातील महादेव कोळी व ठाकर मुलांच्या घरची बोली पुस्तकाहून वेगळी असते. आपण बोललेले कागदावर उतरते आणि पुन्हा वाचता येते, हे एकदा कळले की अक्षरांची भीती पुष्कळ कमी होते.

मराठीत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या सोबत्याने ओळखून ठेवाव्यात. 'दिवा' या शब्दात वेलांटी 'द'च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. डावीकडून वाचणारे मूल तेथे थबकते. 'र' तर चार वेषांत भेटतो : सूर्य, प्रकाश, राष्ट्र आणि दऱ्या. हे चार शब्द एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले, तरी महिन्याभरात फरक दिसतो.

पुस्तकांवाचून काम अडत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आणि मोठ्या भावंडांची पाठ्यपुस्तके घरोघरी मिळतात. एस.टी.ची पाटी, रेशनकार्ड, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर हेही वाचनच आहे. ज्या आईला वाचता येत नाही, तिला मुलाने रोज पाच ओळी वाचून दाखवाव्यात. तिने नुसते ऐकले तरी ती या कामातील सोबती झाली.

५. जागा, वेळ आणि जबाबदारी

विहार, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा अशी उघडी, सर्वांना दिसणारी जागा घ्यावी. पालकांना विचारूनच मूल बसवावे आणि दोन मोठी माणसे नेहमी हजर असावीत. मारणे, ओरडणे वर्ज्य समजावे. मूल कोणत्या समाजाचे, हे विचारू नये. जे वाचायला येईल ते आपले.

आपल्या भागात उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणून संध्याकाळचा तास अंधार पडण्यापूर्वी संपवावा आणि मुलांना घोळक्याने, मोठ्या माणसाबरोबर घरी पाठवावे. हिवाळ्यात रविवारची सकाळ अधिक सोयीची.

विघ्नहर व भीमाशंकर साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात. डोंगराकडच्या गावांतील कुटुंबेही मजुरीसाठी पूर्वेकडील बागायती गावांत उतरतात. या मुलांची शाळा मध्येच तुटते. त्यांना विहारापर्यंत येणे जमत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा दोघा सोबत्यांनी पुस्तकांची पिशवी घेऊन त्यांच्या कोपीवर जावे.

६. ठेव

जुन्नर परिसरातील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत राजेरजवाड्यांपेक्षा साध्या माणसांची दाने पुष्कळ आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याचे टाके दिले. एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याची नोंद आहे. रकमा लहान, पण त्या ठेव म्हणून ठेवलेल्या. बँकेतील माणसाला हे वाचून आनंद होतो. एकदाच वाजतगाजत दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा नियमाने भरलेला लहान हप्ता अधिक काम करतो, हे आम्ही खात्यांवरून शिकलो आहोत.

वाचनसोबतीचेही तसेच आहे. चौदा एप्रिलला उत्साहाने सुरू झालेला वर्ग मे महिन्यात बंद पडला, तर मुलाला वाटते की आपल्यातच काही कमी होते. म्हणून रोजचा तास जाहीर करण्यापेक्षा आठवड्याचा एकच तास ठरवावा, पण तो वर्षभर चुकवू नये. आपण गावाला गेलो तर बदली माणूस नेमूनच जावे. मंडळानेही सत्काराच्या खर्चातील थोडा भाग या पिशवीतील पुस्तकांसाठी काढून ठेवावा. आज तिसरीत अडखळणारे मूल सात वर्षांनी दहावीला बसेल. तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर त्याच्या शेजारी आजच बसले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत तिसरी ते पाचवीची किती मुले आहेत? त्यांतील किती मुले दुसरीच्या पुस्तकातील एक पान न अडखळता वाचतात? प्रेमाने वाचून घ्या व नोंद करा.
२. वर्षभर, आठवड्याचा एक तास देऊ शकतील अशा चार व्यक्तींची नावे लिहा. पहिले नाव स्वतःचे असावे.
३. वाचनसोबत आणि शिकवणी यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

जय भीम!