कंट्रोल कुठे पळाले नाहीत गं

अगं, धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्यापर्यंत बसमध्ये हेच डोक्यात घोळत होतं म्हणालीस ना? केळीच्या व्यापाऱ्याचं ते जुनं बिलिंग नव्या प्रोजेक्टमध्ये आणलंस, बिल्ड केलंस आणि शंभराच्या वर चुका! वजनाचा टेक्स्टबॉक्स पानावर डोळ्यांसमोर दिसतोय आणि मशीन म्हणतंय, 'नेम इज नॉट डिक्लेअर्ड'. रडू येणारच.

खरं सांगू का, कोडमध्ये फारसं काही बिघडलेलंच नाही. २००५ च्या व्हिज्युअल स्टुडिओत 'वेब साइट' प्रकार आला. त्यात पानावर कंट्रोल ठेवला की त्याची नोंद एएसपी डॉट नेट परस्पर करून टाकतं. 'वेब ॲप्लिकेशन' प्रकारात ती नोंद वेगळ्या फाइलीत असते, पानाच्या नावापुढे 'डिझायनर डॉट व्हीबी' लावलेली. तू वेब साइटचं जुनं फोल्डर जसंच्या तसं वेब ॲप्लिकेशनमध्ये आणलंस, त्यात ही फाइल कधी नव्हतीच. माणूस घरात आहे, पण रेशनकार्डावर नाव नाही, मग दुकानदार धान्य कसं देईल?

तेव्हा आधी सगळ्याची एक कॉपी प्रोजेक्टच्या बाहेर ठेव. बाहेर म्हणतेय हं! मग एकच पान घे, सगळ्यात छोटं. सोल्युशन एक्सप्लोररमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू वेब ॲप्लिकेशन' दे. तिथे सापडलं नाही तर घाबरू नकोस, २०१३ पासून ते वरच्या प्रोजेक्ट मेन्यूत गेलंय. झालं की पानाची पहिली ओळ बघ. 'कोडफाइल' जाऊन तिथे 'कोडबिहाइंड' आलेलं असायला हवं आणि पानाखाली डिझायनर फाइल दिसायला हवी.

ती फाइल उघडून बघ, पण तिला हात लावू नकोस. मी एकदा मोठ्या हुशारीनं त्यात बसून कंट्रोलची नावं हाताने टाइप केली होती, आणि पान सेव्ह केल्याबरोबर मशीनने सगळी पुसून आपली लिहिली. प्रत्येक कंट्रोलच्या वर सूचना असते बघ: बदल करायचा तर ओळ उचलून कोडबिहाइंडमध्ये ने. ती वाचायची तसदी कोण घेतो!

फाइल झाली, तरी एखादं नाव सापडत नाही? मग त्या कंट्रोलला 'रनॅट सर्व्हर' आहे का, ते बघ. मग पहिल्या ओळीतलं 'इनहेरिट्स' आणि कोडमधलं क्लासचं नाव ताडून बघ. व्हीबीत प्रोजेक्टचं रूट नेमस्पेस पुढे आपोआप लागतं, ते विसरायला होतं. पानात एखादा टॅग अर्धवट राहिला असेल, तरी फाइल नीट तयार होत नाही. तो दुरुस्त करून डिझायनर फाइल डिलीट कर आणि पुन्हा कन्व्हर्ट दे. आणि वजनाचा बॉक्स ग्रिडव्ह्यूच्या ओळीत नेला असशील, तर त्याची नोंद होणारच नाही. तिथे 'फाइंडकंट्रोल'च लागतं.

आता बाहेर का म्हटलं ते ऐक. आपल्याकडे जुन्या कोडमध्ये 'बिल कॉपी', 'बिल जुने', 'बिल फायनल २' अशी पानं हमखास सापडतात. वेब साइटमध्ये ती बहुतेकदा गपगुमान पडून राहतात. वेब ॲप्लिकेशनमध्ये मात्र सगळा कोड एकाच डीएलएलमध्ये जातो, मग एकाच नावाचे दोन क्लास एकमेकांना भिडतात आणि चुका भलत्याच पानावर दिसतात. तशी पानं प्रोजेक्टमधून काढ. व्यापाऱ्याला विचारून काढ हं, एखादं 'जुने'च रोज वापरात असायचं!

'ॲप कोड' फोल्डरचं नाव कन्व्हर्ट करताना 'ओल्ड ॲप कोड' झालं तर पुन्हा बदलू नकोस. जुन्या नावाने ठेवलंस तर तोच कोड दोनदा कंपाइल होतो.

आणि चुकांच्या आकड्याकडे बघत बसू नकोस गं. व्हीबीचा जुना कंपायलर शंभराच्या आसपास थांबतो आणि पुढचं दाखवतच नाही. दहा पानं दुरुस्त केलीस तरी आकडा तोच राहील, कारण मागे लपलेल्या चुका पुढे येतात. झालेल्या पानांच्या नावांपुढे वहीत टिक कर.

अडलीस तर पानाची पहिली ओळ आणि क्लासची ओळ, दोन्हींचे फोटो पाठव. जवळून काढ हं, मागच्या वेळी अर्ध्या फोटोत तुझा चहाचा कपच होता.